ही लोहवाट कुणाची?

पुणे–लोणावळा लोहमार्गावर तिसरी व चौथी मार्गिका टाकण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मान्यता दिली. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. परंतु स्वागताबरोबरच एक प्रश्न विचारणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटते. ज्या मार्गावरून १८५८ सालापासून आगगाडी धावते, ज्याच्या दोन्ही अंगांना देशातील एक मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली, त्या मार्गावर काठच्या माणसांसाठी स्वतंत्र रूळ असावेत हे सुचायला इतका काळ का लागावा? याचे उत्तर पैशाच्या टंचाईत सापडणार नाही. ही लोहवाट मुळात कुणासाठी आहे, याविषयी राज्यकर्त्यांच्या मनात पहिल्यापासून जी कल्पना ठाण मांडून बसली आहे, तिच्यात ते सापडेल.

सांगवी हे आमचे गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले आहे. गावातून रेल्वे जात नाही. पवनेवरचा पूल ओलांडला की दापोडीचे स्थानक लागते, आणि पिंपळे गुरवच्या बाजूने गेले की कासारवाडीचे. या दोन्ही स्थानकांवर लांब पल्ल्याची गाडी थांबत नाही. ती धडधडत निघून जाते आणि फलाटावरची माणसे एक पाऊल मागे सरतात. या मार्गाचा सारा इतिहासच असा आहे, हे आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

घाटातील मजूर

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. खंडाळा ते पुणे हा टप्पा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, हे मात्र पुणे जिल्ह्यातही थोड्यांनाच माहीत असते. त्या दिवशी दापोडीच्या पुलावरून मुळा ओलांडून आगगाडी पुण्यात आली. मधला बोरघाट तेव्हा पुरा झालेला नव्हता. घाटाखाली गाडीतून उतरायचे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडी धरायची, असा प्रवास पुढे पाच वर्षे चालला. घाटमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला.

सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, बावीस पूल, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट इतकी तीव्र चढण! जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या बुद्धीचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली येथे येताच थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट आपल्या हाती घेऊन कसबी अभियंत्यांकरवी तडीस नेले, हेही आदराने सांगण्यासारखे आहे. परंतु १८६१ च्या सुमारास ज्या बेचाळीस हजार स्त्री-पुरुषांनी डोंगर फोडला, त्यांचे काय? पटकीने, सुरुंगाने आणि कड्यांवरून कोसळून किती मेले याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही. चोवीस हजार हा अंदाज अनेक ठिकाणी सांगितला जातो. तो थोडाफार कमी धरला, तरी ज्या कामात मेलेल्यांची खानेसुमारी अंदाजाने करावी लागते, त्या कामात जिवंत माणसाची किंमत काय असेल हे वेगळे सांगावयास नको.

या मजुरांनी सारे निमूटपणे सोसले असेही नाही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात दंगा झाला. पोटकंत्राटदारांनी पैसे अडकवून ठेवले होते आणि उपाशी माणसांचा संयम सुटला होता. सरकारला चौकशी करावी लागली. बांधकामावरील मालक व मजूर यांच्यातील वेतनाच्या तंट्यांसाठी पुढच्याच वर्षी, १८६० साली, कायदा झाला. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या व्यासपीठावर आणला. त्याच्या बत्तीस वर्षे आधी तोच प्रश्न खंडाळ्याच्या कड्यांवर आमच्याच मुलखातल्या मजुरांनी विचारला होता. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत रोमचे परिपत्रक शिकवताना खंडाळ्याचा हा दंगाही शिकवला जावा, असे आम्हांस वाटते.

वाटेवरची गावे

हा मार्ग कशासाठी बांधला गेला? दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी आणि लष्कर चटकन हलवण्यासाठी. खडकीची छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना, देहूरोडचे लष्करी कोठार यांना रूळ लाभले; वाटेवरच्या गावांना स्थानकाची पाटी लाभली. १९३० साली ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली आणि विजेवरच्या गाडीने पुणेकर मुंबईस जाऊन संध्याकाळी परतू लागला. त्यासाठी घाटातील जुने उलटे वळण टाळून नवा मार्गही काढण्यात आला होता. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये जे काही होते, ते या सर्व योजनांत ओलांडून जाण्यापुरतेच होते.

स्वातंत्र्यानंतर या मधल्या पट्ट्याचे रूप पालटले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीस आले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी तेथे स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांचे भोंगे पिंपरी-आकुर्डीच्या माळावर वाजू लागले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सतरा लाखांहून अधिक भरली.

ही माणसे आली कोठून? त्यांतली पुष्कळशी आमचीच आहेत. दौंड–मनमाड मार्गावरच्या राहुरी, श्रीरामपूर या भागांतून, संगमनेर-नेवाशाच्या कोरडवाहू गावांतून, १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर आमची ख्रिस्ती कुटुंबे वळकटी बांधून निघाली आणि खडकी, दापोडी, पिंपरी, सांगवी येथे भाड्याच्या खोल्यांत राहिली. इगतपुरी, भुसावळ, दौंड येथील धर्मग्राम रेल्वेच्या वसाहतींच्या आधाराने वाढले, तसे या पट्ट्यातील धर्मग्राम कारखान्यांच्या आधाराने वाढले. कुणी पाळीवर जाणारा कामगार, कुणी इस्पितळातील परिचारिका, कुणी शाळेतील शिक्षिका, कुणी घरकाम करणारी बाई. यांच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट गाडीच्या वेळेवर ठरू लागला. नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत आगगाडीच्या डब्यात भेटली, ही कथा मराठी ख्रिस्ती माणूस मोठ्या प्रेमाने सांगतो. आमच्या पिढ्यांना त्या डब्यात भाकरी भेटली.

आणि त्यांच्यासाठी लोकल केव्हा सुरू झाली? ११ मार्च १९७८ रोजी. मुंबईत विजेवरची पहिली उपनगरी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली होती. कारखाने उभे राहून, वस्त्या भरून, नगरपालिका स्थापन होऊन गेल्यावर आमच्या वाट्याला लोकल आली. आणि तीही स्वतःचे रूळ न घेता.

दोन रुळांचे गणित

येथे थोडे रेल्वेचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण अन्याय बहुधा वेळापत्रकाच्या बारीक अक्षरांतच दडलेला असतो. पुणे ते लोणावळा हे अंतर सुमारे चौसष्ट किलोमीटर आहे. या पट्ट्यात जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोनच मार्ग आहेत. त्याच दोन मार्गांवरून मुंबईच्या एक्स्प्रेस गाड्या, दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल धावतात. मागून वेगाची गाडी आली की लोकलला बाजूच्या रुळावर घेतात. ती तेथे उभी राहते. आतली माणसे घड्याळाकडे पाहतात. पुढची गाडी निघून गेली की तिला वाट मिळते. दोन लोकलमधले अंतर प्रवाशांच्या गरजेवर ठरत नाही, इतर गाड्यांनी शिल्लक ठेवलेल्या फटींवर ठरते. रुळांची देखभाल करायची तर तिच्यासाठी दुपारची वेळ काढली जाते, आणि त्या वेळेचा बळी पुन्हा लोकलच ठरते. दुसऱ्या पाळीला निघालेला कामगार आणि महाविद्यालयातून घरी परतणारी मुलगी यांच्यासाठी दिवसाच्या मध्यावर गाडीच नसावी, हा प्रकार या मार्गावर वर्षानुवर्षे चालत आला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल थांबली. पुढे ती सुरू झाली, पण दुपारच्या फेऱ्यांसाठी लोकांना दीर्घकाळ अर्जविनंत्या कराव्या लागल्या.

कुणी म्हणेल, दोनच रूळ असताना रेल्वेने तरी काय करावे? आमचे उत्तर लोणावळ्याच्या पलीकडे आहे. कर्जत ते लोणावळा या घाटात तीन मार्ग आहेत. डोंगर फोडून, बोगदे खणून, दऱ्या बांधून तेथे तिसरा मार्ग झाला, कारण घाटात मालगाडी आणि एक्स्प्रेस अडत होत्या. घाट संपून मावळाचे सपाट मैदान लागले की मार्ग पुन्हा दोन होतात. जेथे काम कठीण होते तेथे ते झाले. जेथे त्या मानाने सोपे होते तेथे राहिले. जेव्हा रूळ टाकणे स्वस्त होते, तेव्हा मार्गालगतची जमीन मोकळी होती. आज तेथे घरे आहेत, झोपड्या आहेत, आणि उद्या रुंदीकरणासाठी उठवली जातील ती माणसेही गरीबच असतील. उशिराची किंमतसुद्धा त्यांनीच मोजायची!

तीन आक्षेप

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. ते नीट तपासून पाहू.

पहिला आक्षेप असा की आता मेट्रो आली आहे, लोकलचे काय काम? मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पुढे दिवाणी न्यायालयापर्यंत मेट्रो सुरू झाली. दापोडी आणि कासारवाडी येथे तिची स्थानके आहेत, सांगवीकरांना तिचा उपयोग होतो, आणि आम्ही तिचे कृतज्ञ आहोत. परंतु आजची मेट्रो पिंपरीस संपते. आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली येथील माणसाने काय करावे? शहरात घर परवडत नाही म्हणून जो कामशेतला राहायला गेला, त्याला मेट्रोचे कौतुक ऐकवणे म्हणजे उपाश्याला दुसऱ्याच्या पंगतीचे वर्णन ऐकवणे होय. शिवाय मेट्रोचे रोजचे भाडे आणि लोकलचा मासिक पास यांतला फरक ज्याला किरकोळ वाटतो, त्याने महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर कामगाराच्या घरी एकदा जेवायला यावे.

दुसरा आक्षेप तोट्याचा. उपनगरी प्रवासी भाडे कमी देतो, ते मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढावे लागते, असे सांगतात. हे खरे आहे. पण पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, उड्डाणपुलावर उड्डाणपूल चढले, तेव्हा मोटारीतून एकटे जाणाऱ्या माणसाकडून त्या रस्त्यांची, धुराची आणि अडवलेल्या जागेची पूर्ण किंमत कुणी वसूल केली? मुंबईची उपनगरी रेल्वेही तोट्यात चालते. तरी १९९९ साली तिच्यासाठी केंद्र आणि राज्य यांनी मिळून स्वतंत्र महामंडळ स्थापन केले आणि २०२२ साली ठाणे–दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका खुली झाली. मुंबईकराचा तोटा देशाने सोसावा आणि मावळातल्या माणसाचा तोटा त्याच्या तोंडावर फेकावा, हा कोणता हिशेब? आणि ज्या मालगाड्यांच्या उत्पन्नाचा दाखला दिला जातो, त्यांतला माल कोण तयार करतो? चिंचवडच्या मालधक्क्यावरून मोटारी भरलेल्या गाड्या देशभर जातात. त्या मोटारी जोडणारे हात लोकलच्या दारातल्या दांड्याला धरूनच कामावर येतात.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, कारण तो आपल्याच अंगणातून येतो. रेल्वेच्या रुळांशी ख्रिस्तसभेचा संबंध काय, धार्मिक त्रैमासिकाची पाने यासाठी कशाला, असे काही सज्जन विचारतात. त्यांना आम्ही लूककृत शुभवर्तमानातील धनिकाच्या दाराशी पडलेल्या लाजराची आठवण देतो. त्या धनिकाने लाजराला मारले नव्हते, हाकललेही नव्हते. त्याचा अपराध एवढाच की तो रोज त्याच्यावरून गेला. १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून १९५५ साली पोप पायस बारावे यांनी घोषित केला, तो वेदीवर फुले वाहण्यापुरता नव्हे. आणि २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी शहरातील जीवनाचा दर्जा वाहतुकीच्या सोयीशी थेट जोडला आहे. रस्त्यांवरील मोटारींची दाटी, तिच्यामुळे होणारे प्रदूषण यांचा उल्लेख करून सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम द्यावा असे सांगितले आहे. तेव्हा लोकलचा प्रश्न मिस्सेच्या बाहेरचा आहे, असे म्हणणाऱ्याने आधी रोमशी वाद घालावा.

चाकणचा विचार

जुन्या मार्गावर हा अन्याय हळूहळू घडत गेला. चाकणला तो डोळ्यांदेखत होतो आहे. गेल्या तीन दशकांत बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांसारख्या कंपन्यांचे कारखाने तेथे आले. इतकी मोठी औद्योगिक वसाहत वसवताना रूळ आधी टाकावेत, मग भूखंड वाटावेत, ही साधी गोष्ट कुणाच्या ध्यानी आली नाही. आजही चाकणला रेल्वे स्थानक नाही. माल आणि माणूस, दोघेही नाशिक रस्त्यावर आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावर तासन्‌तास अडकून पडतात. कंटेनरच्या शेजारून दुचाकीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरी तो परतेपर्यंत कुणाचे चित्त थाऱ्यावर नसते.

पुणे–नाशिक हा सुमारे २३५ किलोमीटरांचा नियोजित मार्ग चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा जाणार होता. त्यातली संगमनेर-सिन्नरकडची गावे म्हणजे आमच्यातील कित्येकांची माहेरे आहेत. नारायणगावाजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात विजेच्या गाडीने व्यत्यय येईल, या कारणावरून तो अडला, आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून वळसा घेण्याचा विचार केंद्राकडून पुढे आला. दुर्बिणीशी आमचे वैर नाही; आकाशाचा अभ्यास हीदेखील सृष्टिकर्त्याची स्तुतीच आहे. परंतु दुर्बीण सांभाळण्यासाठी मार्गाचा काही भाग सरकवावा लागला, तर त्यापायी राजगुरुनगर-संगमनेरचा पट्टा वाऱ्यावर सोडावा आणि चाकणच्या कामगाराने ट्रकांच्या रांगेतच जन्म काढावा, हे कसे न्यायाला धरून होईल? निदान पुणे ते राजगुरुनगर हा टप्पा दुर्बिणीच्या प्रश्नापासून वेगळा काढून आधी बांधता येणार नाही काय?

आमच्या मागण्या

आम्ही उपकार मागत नाही. आमच्या मागण्या मोजक्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या कामाला पूर्णतेची तारीख जाहीर व्हावी, आणि त्या झाल्यावर दोन रूळ आधी लोकलसाठी राखले जावेत. नाहीतर त्यांवरही एक्स्प्रेस आणि मालगाड्यांचाच पहिला हक्क सांगितला जाईल. मार्गालगतची जी घरे उठतील, त्यांचे पुनर्वसन लोकलच्या स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर व्हावे. तोवर दिवसाच्या कोणत्याही प्रहरी लोकलचा मोठा खंड पडू नये. दापोडी आणि कासारवाडी स्थानकांना सांगवी, पिंपळे गुरव यांच्याशी गाडीच्या वेळा सांभाळणाऱ्या बसने जोडावे. सांगवी फाट्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या मावळातील रुग्णाला दापोडीस उतरून रिक्षावाल्याच्या मर्जीवर राहावे लागू नये. चाकणसाठी रूळ हे दूरच्या स्वप्नातून काढून अंदाजपत्रकात आणावेत.

धर्मग्रामांतील श्रमिक मंडळे, महिला संघ आणि युवक संघटनांना आमची विनंती आहे, की त्यांनी मिस्सेनंतरच्या सभेत हा विषय घ्यावा, आपल्या स्थानकावरील अडचणींची लेखी यादी करावी आणि इतर धर्मांच्या प्रवासी बांधवांबरोबर एकाच अर्जावर सह्या कराव्यात. लोकलच्या डब्यात कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. बसायला जागा असेल तर सरकून देतात. अर्जावरही तसेच असावे.

११ मार्च २०२८ रोजी या लोकलला पन्नास वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी इंजिनाला हार घातले जातील, भाषणे होतील. त्या समारंभाला येणाऱ्या मंत्र्यांनी लोणावळ्याहून पुण्यापर्यंत सकाळच्या लोकलने यावे, आणि त्यांची गाडी मागच्या एक्स्प्रेससाठी बाजूच्या रुळावर थांबली तर प्रवाशांबरोबर थांबावे. त्याच समारंभात खंडाळ्याच्या घाटात नाव-गाव न नोंदता मेलेल्या मजुरांसाठी एक दगड बसवावा. त्यावर नावे कोरता येणार नाहीत. संख्या आणि सन कोरले तरी पुरे.